नाना चुरींचं स्टॉपवॉच आणि सत्तावीस पेनड्राइव्ह

नाना चुरी दुकानात शिरले की आधी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि मग माझ्याकडे. त्या तिसऱ्या बघण्यातच सगळं आलं.

वसईच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला उभं राहण्यापुरती जागा. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. घड्याळ उघडायला तेवढं पुष्कळ होतं, उघडलेलं परत मिटायला मात्र हात लागतो, आणि तो माझ्याकडे होता. समोरचा शिंपी माझ्या घड्याळावर दुकान उघडायचा, पाववाला माझ्या घड्याळावर सायकल काढायचा. गल्लीत कुणी त्या घड्याळावर शंका घेतली नव्हती. हा एकटा माणूस आठवड्यातून दोनदा येऊन घ्यायचा.

नाना वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. किनाऱ्याच्या बाजूला त्यांची वडिलोपार्जित वाडी, केळी आणि पानवेलींची. पण लक्ष वाडीत कधीच नव्हतं. आयुष्य काटे, किलो आणि लिटर तपासण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर शिक्का सरकारने काढून घेतला, नजर राहू दिली. मासळीबाजारात ते दिसले की कोळणी लांबूनच ओरडायच्या, "नाना, आधीच पानी झटकलंय, बगा! उगाच उभं राहू नका!" कारण कोलंबीबरोबर पाणीही तोललं जातं, हे नानांनी एकदा सगळ्या बाजारासमोर रुमालाने टिपून दाखवलं होतं. माई, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "लग्नात ह्यांनी अक्षता मोजल्या नाहीत एवढंच."

ते स्टॉपवॉच घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना नुसतं तोंडओळखीने ओळखत होतो. चावीचं, जाड काचेचं, मुठीत मावेल असं जुनं घड्याळ. रिक्षा-टॅक्सीच्या मीटरचा थांबण्याचा वेळ तपासायला खात्यात वापरायचे. खात्याने ते मोडीत काढलं तेव्हा नानांनी लिलावात घेतलं होतं.

"पडलं," ते म्हणाले. "होईल?"

"माझ्याकडे आलं म्हणजे झालं," मी म्हणालो.

झालंही. पण पूर्ण नाही. आतला बॅलन्सचा दांडा, म्हणजे ज्यावर ते चाक इकडून तिकडे झुलतं ती केसाएवढी सळई, वाकली होती. नवी कुठे मिळेना. मी तीच सरळ केली. टेबलावर आडवं ठेवलं तर घड्याळ बरोबर चालायचं. हातात उभं धरलं की मात्र मिनिटाला एक सेकंद मागे पडायचं. मी विचार केला, निवृत्त माणूस, अंडी उकडताना लावील, फार तर नातवंडांच्या शर्यती लावील. एका सेकंदाने काय होतंय? होत नाही म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही. नाना आले तेव्हा मी ते दोन्ही हातांनी, तळव्यावर आडवं ठेवून, आरतीचं ताट द्यावं तसं त्यांना दिलं.

"एकदम फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

नानांनी दोरी गळ्यात अडकवली आणि ते छातीशी उभं धरून निघून गेले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी पेनड्राइव्ह आले. नानांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने आपला जुना कंप्युटर आईवडिलांच्या ओटीवर आणून ठेवला आणि नातीचे फोटो आणायला-न्यायला एक पेनड्राइव्ह घ्या म्हणून सांगितलं. मला स्टेशनकडच्या दुकानातून सेल आणायचे होते, म्हणून मीही बरोबर गेलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं.

"काका, हा घ्या," दुकानदार म्हणाला. "एकदम फास्ट."

"किती फास्ट?"

"एकदम."

"एकदम हे माप आहे का?"

"म्हणजे पटकन होतं हो, काका."

"कशाच्या मानाने पटकन?"

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. शेवटी नानांनी दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दोन पेनड्राइव्ह घेतले, कारण एका वस्तूची तुलना कशाशी करणार? घरी येताना रिक्षात त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, ह्यांना सरकारने परत कामावर बोलावलं.

मग सुरू झालं ते. भाचीच्या लग्नाची एक फिल्म कंप्युटरात होती, चांगली लांबलचक. नानांनी ती प्रमाण म्हणून ठरवली. खात्यात जसा एक प्रमाण किलो पेटीत मखमलीवर ठेवलेला असतो, बाकीचे किलो त्याच्याशी ताडून बघायचे, तशी ही फिल्म. जो पेनड्राइव्ह येईल त्यात हीच फिल्म भरायची, हीच काढायची. भरायला किती वेळ, काढायला किती वेळ, आणि एका रुपयात किती जागा मिळाली, असे तीन रकाने. प्रत्येक पेनड्राइव्ह तीन वेळा मोजायचा आणि मधला आकडा धरायचा. नाना कंप्युटरसमोर ताठ बसायचे, स्टॉपवॉच छातीशी उभं, अंगठा बटणावर. फिल्म भरली जाताना पडद्यावर कागद उडतायत असं दिसायचं. ते उडणं संपेपर्यंत घरात कुणी पंखा लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, कारण विजेचा दाब हलता कामा नये.

"माझं वाटण राहिलंय," माई आतून म्हणायच्या.

"चार मिनिटं."

"मगाशी पण चार मिनिटंच होती."

"तो दुसरा पेनड्राइव्ह होता."

माई पाट्यावर वाटायला लागल्या. त्या म्हणाल्या, कंप्युटर आल्यापासून घरात पाटा परत आला.

नानांच्या शेजाऱ्यांनी आपापले पेनड्राइव्ह आणून दिले, मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांनी. पास झालेल्यावर नाना माईंच्या नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका द्यायचे, बाद झालेल्यावर फुली. भजनी मंडळाचे बुवा विचारायला आले तर नाना म्हणाले, "रोज भरणार की एकदाच?" बुवा म्हणाले, एकदाच. "मग हळू चालणारा घ्या, स्वस्तात जागा जास्त मिळेल. भजनाला कुठे पळायचंय?" फोटो स्टुडिओवाला आला, त्याला त्यांनी सगळ्यात महागाचा सांगितला. तो म्हणाला, "नाना, जरा स्वस्तातला सांगा की." नाना म्हणाले, "तू दिवसात दहा वेळा भरणार. दर वेळी पाच मिनिटं खाणारा तुला स्वस्त कसा?" स्टुडिओवाल्याने आयुष्यात असा हिशोब केला नव्हता. महागाचा घेतला, आणि पुढे सगळ्यांना सांगत सुटला.

मीही दुकानात टॉर्चच्या सेलशेजारी तीन पेनड्राइव्ह टांगले होते. नाना एक तपासायला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

"गजा, ह्याच्यावर चार जीबी लिहिलंय. एकच मावतं. पुढचं भरल्यासारखं दाखवतो, पण उघडत नाही."

"नवीन आहे, नाना. वापरून वापरून भरेल."

"म्हणजे चपलेसारखा सैल होईल?"

गिऱ्हाइकं हसली. मी तिन्ही पेनड्राइव्ह दोरीवरून काढले, पण नानांशी चार दिवस बोललो नाही. माझ्या दुकानातल्या मालावर फुली म्हणजे माझ्यावर फुली, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

एव्हाना नानांची यादी सत्तावीस पेनड्राइव्हची झाली होती. बाजारातल्या वाचनालयाने ती नीट लिहून घेऊन आपल्या फळ्यावर लावली. आता वाचनालयाला सभासदांसाठी काही पेनड्राइव्ह घ्यायचे होते, आणि ते ह्या यादीवरून घेणार होते. यादीत सगळ्यात खाली होता सावंतचा माल.

सावंत तुळिंजला राहायचा. मूळचा कोकणातला, दिवसा मुंबईत नोकरी आणि संध्याकाळी घरातून पेनड्राइव्ह, हेडफोन असली विक्री. माणूस वाईट नव्हता, गडबड्या होता. एका रविवारी सकाळी तो लॅपटॉप काखेत मारून नानांच्या ओटीवर हजर झाला. वाचनालयाचे दोघे बरोबर होते. मला नानांनीच बोलावून घेतलं. म्हणाले, "स्टॉपवॉच तुझ्या हातचं आहे, तू बस." मी कोपऱ्यातली जागा धरली.

"नाना, रिस्पेक्ट आहे तुमच्याबद्दल," सावंत म्हणाला. "पण आजच्या जमान्यात हे चावीचं घड्याळ? माझ्या मालाची पूर्ण वाट लावलीत तुम्ही. लॅपटॉपमध्ये सेकंदाच्या पण आत मोजतात. आमने-सामने होऊन जाऊ दे."

"होऊ दे," नाना म्हणाले. "घड्याळ चुकलं तर यादी मी स्वतः उतरवीन."

माईंनी न सांगता पंखा बंद केला. सावंतचा पेनड्राइव्ह लावला. कागद उडायला लागले. नाना ताठ, स्टॉपवॉच छातीशी उभं. मी त्या उभ्या घड्याळाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नाना, आडवं धरा. एकदा तरी दमून मांडीवर ठेवा. नाना दमले नाहीत.

कागद थांबले.

"नऊ मिनिटं चाळीस," नाना म्हणाले.

"नऊ पन्नास!" सावंत उभाच राहिला. "बघा! दहा सेकंदांचा फरक! घड्याळ बाद आहे तुमचं, नाना! मी बोललो होतो ना?"

वाचनालयाचा एक जण हळूच म्हणाला, "सावंत, म्हणजे तुझा पेनड्राइव्ह यादीत लिहिलाय त्याच्यापेक्षाही हळू आहे."

सावंतचा हात हवेतच राहिला. एवढा लॅपटॉप वाहून आणून त्याने स्वतःचाच माल आणखी दहा सेकंद मागे ढकलला होता. सगळे हसायला लागले. माई दारात पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी सावंतही हसला. "च्यायला, केस जिंकलो आणि सजा पण मलाच," म्हणाला.

नाना हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉपवरचं घड्याळ परत लावायला सांगितलं, आपलं लावलं. दोनदा. दोन्ही वेळा तेच.

"अहो नाना, सगळेच पेनड्राइव्ह तेवढ्याच फरकाने मोजलेत," वाचनालयवाले म्हणाले. "पहिला तो पहिलाच, शेवटचा तो शेवटचाच. राहू द्या यादी."

नाना म्हणाले, "चांदीपच्या बाजूला एक दुकानदार होता. त्याचा काटा थोडा हलका होता. मी खटला भरला. तो रडत म्हणाला, साहेब, सगळ्यांना सारखंच कमी जातंय, कुणावर अन्याय नाही. मी त्याचं ऐकलं नाही." मग ते आत गेले, लाल रंगाची बाटली घेऊन आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी स्टॉपवॉचच्या काचेवर फुली मारली.

तिथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण पाच माणसं बसलेली, त्यात तो सावंत. मी चहा घेतला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातली यादी उतरली. आणि नाना फिरायला लागले. सत्तावीसच्या सत्तावीस पेनड्राइव्ह आता लोकांच्या घरी होते, ते परत मागून आणायचे, कंप्युटरच्याच घड्याळावर नव्याने मोजायचे, परत नेऊन द्यायचे. गुडघे दुखायचे, तरी खांद्याला कापडी पिशवी लावून हा माणूस दारोदार. ज्याला त्याला सांगायचे, "माझा आकडा चुकला होता." लोक म्हणायचे, "कसला आकडा, नाना?" कुणाच्या लक्षातही नव्हता. बुवा तर म्हणाले, भजनं छान वाजतायत, तुम्ही त्रास घेऊ नका. नानांनी त्यांचाही पेनड्राइव्ह नेला.

माझ्या दुकानावरून ते रोज जायचे. आत यायचे नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे नाहीत. मी स्टुलावर बसून डोळ्याला भिंग लावायचो, समोर घड्याळ नसलं तरी. मनात रोज एक कारण तयार करायचो. दांडा मिळत नव्हता. घड्याळ पडलं होतं ते त्यांच्याच हातून. उभं धरायला कुणी सांगितलं होतं? सगळी कारणं बरोबर होती, आणि एकही घेऊन त्यांच्या ओटीवर जाण्यासारखं नव्हतं.

मग एका दुपारी त्यांना मी समोरच्या शिंप्याच्या पायरीवर बसलेलं बघितलं. गुडघा चोळत होते. पिशवी मांडीवर. शिंपी म्हणाला, "नाना, पाणी देऊ?" ते म्हणाले, "नको. अजून चार राहिलेत." मी भिंग काढलं, दुकानाची फळी लावली. ते उठून पुढे गेले. मी मागच्या रस्त्याने त्यांच्या घरी जाऊन ओटीवर बसलो. ते आले, पिशवी खुंटीला लावली आणि समोर बसले.

"नाना," मी म्हणालो, "दोष माझ्या दुरुस्तीत आहे. घड्याळ..."

"उभं धरलं की मागे पडतं," ते म्हणाले.

मी मान वर केली.

"त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. आडवं ठेवून रेडिओच्या ठोक्यांवर लावलं, बरोबर. उभं धरलं, मागे. मग आठवलं, तू मला ते ताट दिल्यासारखं आडवं दिलं होतंस. उभं करून एकदा सुद्धा दाखवलं नव्हतंस. इन्स्पेक्टर माणूस मी, तिथेच धरायला हवं होतं तुला."

"मग विचारलं का नाहीत? सगळ्यांना सांगायचं होतं, गजाने बिघडवलं म्हणून."

"दुरुस्ती तुझी. पण वापरायच्या आधी पडताळून बघणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. तुझ्या 'फर्स्ट क्लास'वर गेलो. फर्स्ट क्लास हे माप आहे का?"

माई चहा घेऊन आल्या आणि हसत होत्या. "दाखवा की त्यांना," म्हणाल्या.

"काय दाखवा?"

नाना नको नको म्हणत होते, पण माईंनी टेबलावरून नवी यादी उचलून माझ्या हातात दिली. तीन रकाने, सुबक अक्षर, दुरुस्त केलेले आकडे. आणि सगळ्यात खाली, अठ्ठाविसाव्या ओळीत, पेन्सिलीने लिहिलं होतं: गजानन घड्याळवाला. पुढचे तिन्ही रकाने रिकामे होते. माझ्यासमोर नानांनी पेन्सिल घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले आणि 'काढायला वेळ' ह्या रकान्यात लिहिलं: अकरा दिवस.

"मी पंधरा म्हणाले होते," माई म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. म्हणून म्हणालो, "तीन वेळा मोजून मधला धरता ना? मला एकदाच मोजलंत."

"घाई काय आहे?" नाना म्हणाले. "अजून दोनदा चुकशील की."

चहा झाल्यावर मी ते स्टॉपवॉच मागितलं. फुली पुसून देतो म्हणालो. त्यांनी पुसू दिली नाही. दांडा तोच आहे तोवर फुली राहणार, म्हणाले. पण बाटली आणून फुलीच्या बाजूला एक बारीक ठिपका दिला, आणि कागदाची चिठ्ठी मागच्या झाकणावर डकवली: आडवे धरल्यास ग्राह्य. उरलेले पेनड्राइव्ह आणायला मीही गेलो. पिशवी मी घेतली. यादी परत फळ्यावर लागली. पहिला तो पहिलाच होता आणि सावंत शेवटीच, आधीपेक्षा दहा सेकंद मागे.

नाना परत दुकानात यायला लागले. भिंतीवरच्या घड्याळाकडे, मनगटाकडे, मग माझ्याकडे. एकदा मीच विचारलं, "किती?" ते म्हणाले, "चाळीस सेकंद पुढे." मी स्टुलावर चढून घड्याळ लावलं. समोरचा शिंपी बघतच राहिला.

पुढे गुडघे फारच गेले तेव्हा मुलाने त्या दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. माई खिडकीशी, नाना त्यांच्या शेजारी, कंप्युटर मुलाने आधीच नेलेला. गाडी सुटायची वेळ झाली, पण ड्रायव्हर चहा पीत उभा होता.

"निघेल हो आता, एकदम," कंडक्टर म्हणाला.

मला वाटलं, आता नाना विचारणार. पण त्यांनी नुसताच खिशात हात घातला. थोड्या वेळाने गाडी गुरगुरली, मागे सरकली आणि वळायला लागली. माईंच्या पुढून एक हात खिडकीबाहेर आला. मी निरोपासाठी हात वर केला. तो हात हलला नाही, कारण हलवण्यासारखा नव्हता. तळवा आभाळाकडे होता आणि त्यावर ते स्टॉपवॉच होतं, लाल फुलीचं, पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसं आडवं.

"सव्वासात मिनिटं उशीर!" नाना ओरडले.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी ते तसंच आडवं धरलं होतं.